एक सुटे पान : चित्रकथांचे बालवाचन आणि आबिद सुरती

लेखकाच्या जडणघडणीचा विचार करताना मराठी समीक्षेने बालपणातील वाचनाची एक ठरावीक उतरंड प्रमाण मानलेली आहे. आजीच्या तोंडच्या कहाण्या, देवळातील कीर्तने, 'पांडवप्रताप'-'हरिविजय' यांची पारायणे, त्यानंतर गावचे ग्रंथालय, आणि अखेरीस एखाद्या मास्तरांनी हाती ठेवलेले इंग्रजी पुस्तक. आत्मचरित्रे याच क्रमाने लिहिली गेली, चरित्रकारांनी तोच क्रम उचलला आणि प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणांतून तो स्थिरावला. या उतरंडीत चित्रकथेला जागा नाही. ती कोणी वाचलीच नाही असे अर्थातच नव्हे. ती वाचली गेली ती अभ्यासाच्या पुस्तकात दडवून, भाड्याने आणून, रद्दीच्या दुकानात उभ्याउभ्या चाळून. आणि पुढे लेखक म्हणून स्वतःचा वृत्तान्त देताना ती दडवलेलीच राहिली.

या मौनामागे एक समजूत आहे. चौकटीत बसवलेली चित्रे आणि पात्रांच्या तोंडून निघणारे शब्दांचे फुगे यांनी सांगितलेली गोष्ट हे वाचन नसून वाचनात येणारा अडथळा आहे, ही ती समजूत होय. ती मराठीपुरती मर्यादित नाही. फ्रेड्रिक वेर्थम या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ साली 'सिडक्शन ऑफ दि इनोसंट' हे पुस्तक लिहून अमेरिकेतील बालगुन्हेगारीशी चित्रकथांचा संबंध जोडला, आणि त्याच वर्षी तेथील प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. पुढे वारे फिरले. चित्रकथा विद्यापीठांत शिरली, तिच्यावर प्रबंध झाले, आणि बालपणी तिने कल्पनाशक्तीला कसे पंख दिले याची कौतुके सुरू झाली. धास्ती आणि कौतुक या दोहोंत एक गृहीतक मात्र समान राहिले : चित्रकथा मुलाच्या मनात काहीतरी ओतते, ते विष असेल वा अमृत. ओतल्या जाणाऱ्या आशयाचीच चर्चा होत राहिली आणि मूल त्या पानाशी प्रत्यक्षात काय करते, हा प्रश्न बाजूला पडला.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मुंबईतच एक अत्यंत उपयुक्त उदाहरण आहे. तो लेखक मराठीत लिहीत नाही, म्हणून मराठी समीक्षेचे त्याच्याकडे फारसे लक्ष गेले नाही, एवढेच. आबिद सुरती यांचा जन्म १९३५ साली सौराष्ट्रातील राजुला गावाजवळ झाला. कुटुंब आधी सुरतेस व नंतर मुंबईत आले आणि डोंगरीत स्थिरावले. गुजराती व हिंदी कादंबरीकार, कथाकार, चित्रकार, व्यंगचित्रकार आणि चित्रकथांचे लेखक अशी त्यांची अनेक अंगांनी ओळख आहे. ऐंशीच्या घरात पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. 'तीसरी आँख' या कथासंग्रहासाठी १९९३ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांनी मुलाखतींतून सांगितलेली बालपणीची एक हकीगत अशी आहे. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या गोऱ्या सैनिकांना घेऊन आगगाडी बंदर भागातून जात असे. डोंगरीची मुले तिच्या बाजूने धावत आणि सैनिक काही खाऊ फेकतील याची वाट पाहत. एके दिवशी एका सैनिकाने खाऊऐवजी चित्रकथेचे पुस्तक भिरकावले. मुलांनी त्यावर झडप घातली, ओढाताणीत पुस्तक फाटले, आणि आबिदच्या हाती त्यातले एक पान आले. ते मिकी माउसचे होते. ते पाहून त्याला वाटले की असे तर आपल्यालाही काढता येईल. आणि तो ते पान उतरवून काढू लागला.

ही गोष्ट सांगितली जाते ती गरीब मुलाच्या नशिबाची गोष्ट म्हणून, आणि वृत्तपत्रीय लेखनात तिचा उपयोगही तेवढाच असतो. पण वाचनव्यवहाराच्या दृष्टीने तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील तो आहे, जो सहसा ओझरता उल्लेखिला जातो : मुलाच्या हाती पुस्तक आले नाही, पान आले. एका सुट्या पानावर कथा नसते. तिचा आरंभ कोणा दुसऱ्याच्या मुठीत असतो आणि शेवट तिसऱ्याच्या. म्हणजे आशय ओतला जाण्याची शक्यता येथे मुळातच खुंटलेली आहे. मिकी कोण, तो कशाच्या मागे लागला आहे, पुढे त्याचे काय झाले, यांतील काहीच त्या पानावर मिळण्याजोगे नव्हते. फुग्यांतील भाषाही डोंगरीतल्या घरात बोलली जाणारी नव्हती. उरते ती मांडणी. चौकटी, एका चौकटीतून दुसरीत जाताना बदललेला हात, वळलेली मान, वाढलेला वेग. आणि दोन चौकटींमधली कोरी पट्टी.

या कोऱ्या पट्टीविषयी अलीकडच्या काळात बरेच लिहिले गेले आहे. स्कॉट मक्लाउड यांनी १९९३ साली चित्ररूपातच लिहिलेल्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात असे प्रतिपादन केले की चित्रकथेतील खरी घटना चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत घडते आणि ती वाचक घडवतो. वोल्फगांग इझर यांच्या वाचनविषयक मीमांसेशी परिचित असलेल्या अभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. संहितेतील रिक्त जागा भरण्याच्या क्रियेतून वाचक अर्थनिर्मितीत सहभागी होतो हे इझर यांनी १९७० च्या दशकातच मांडले होते. फरक असा की कादंबरीतील रिक्त जागा शोधावी लागते. चित्रकथेत ती कागदावर आखलेली, बोट ठेवून दाखवता येण्याजोगी असते. सहा-सात वर्षांच्या मुलालाही ती दिसते. आणि सुट्या पानाच्या बाबतीत ही रिक्तता चौकटींच्या मध्ये तर असतेच, पानाच्या अलीकडे आणि पलीकडेही असते.

दुसरी गोष्ट नकलेची. कादंबरी वाचणारे मूल कादंबरी उतरवून काढायला बसत नाही. चित्रकथेचे मूल बसते. सर्व वाङ्मयप्रकारांत हाच एक असा आहे, जो वाचकाच्या हाताला ताबडतोब कामाला लावतो. पेन्सिल आणि कागदाची पाठकोरी बाजू एवढ्या भांडवलावर वाचकाचा कर्ता होतो. नकलेला आपल्याकडे फार हलके स्थान आहे. परंतु पोथ्या उतरवून काढणाऱ्या लेखनिकांनी मराठी वाङ्मयाचा केवढा भाग राखला आणि राखता राखता बदललाही, हे महानुभाव पोथ्यांच्या अभ्यासकांना सांगावयास नको. झां-पॉल सार्त्र यांनी 'ले मो' (१९६४) या बालपणाच्या आत्मवृत्तात अशीच कबुली दिली आहे. आजोबांच्या ग्रंथसंग्रहातील अभिजात लेखक वरवर चाळत असताना त्यांचे खरे वाचन चालू होते ते आईने आणून दिलेल्या सचित्र साहसकथांच्या साप्ताहिकांचे. आणि त्यांनी लिहिलेली पहिली 'कादंबरी' ही एका चित्रमय गोष्टीची जवळजवळ शब्दशः नक्कल होती. सार्त्र हे सांगतात तेव्हा त्यात उपरोध आहे. आपल्या लेखकपणाचे ढोंग मुळापासून उघडे पाडण्याची जिद्द आहे. सुरतींच्या सांगण्यात तो उपरोध नाही. कृती मात्र एकच आहे : आधी उतरवून काढणे आणि उतरवताना हाताला कळणे की हे कोणीतरी केलेले आहे, म्हणजे करता येते.

येथे एक शंका घेतली पाहिजे. अशा हकीगती लेखकाने कीर्ती मिळवल्यानंतर सांगितलेल्या असतात. आपल्या आयुष्याला एक आरंभबिंदू असावा ही प्रत्येक आत्मकथनकाराची गरज असते, आणि स्मृती ही गरज नम्रपणे पुरवते. उंबेर्तो एको यांनी २००४ च्या आपल्या कादंबरीत हाच प्रश्न कथाविषय केला. तिचा नायक स्वतःच्या आयुष्याची स्मृती गमावतो आणि बालपणीच्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या चित्रकथा, शालेय पुस्तके व गाण्यांच्या तबकड्या यांतून ती परत जुळवू पाहतो. 'राणी लोआनाची गूढ ज्योत' हे कादंबरीचे नावही फॅसिस्ट राजवटीतील इटालियन मुलांनी वाचलेल्या एका चित्रकथेचे आहे. त्याला पिढीचे बालपण सापडते, स्वतःचे सहजी सापडत नाही. चरित्रात्मक समीक्षेने हा इशारा गंभीरपणे घ्यावा असा आहे. त्यामुळे आगगाडीचा प्रसंग हा पुरावा म्हणून एकट्याने उभा राहू शकत नाही. त्याचे वजन ठरवायचे तर पुढच्या चाळीस वर्षांच्या लेखनातच पाहिले पाहिजे.

सुरतींनी १९५४ साली जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतली. चित्रकथा त्याआधीच सुरू झाली होती. 'रमकडुं' या गुजराती बालमासिकात त्यांनी आरंभीच्या चित्रमालिका केल्या. 'तूटेला फरिश्ता' ही पहिली कादंबरी १९६५ ची. म्हणजे गद्यलेखक होण्यापूर्वी सुमारे दहा-बारा वर्षे ते चौकटीत कथा बसवण्याचे काम करीत होते. आपल्याकडे चित्रकार-लेखक म्हटले की रंग, पोत, दृश्यसंवेदना यांची भाषा सुरू होते. अरुण कोलटकरांसंबंधीच्या समीक्षेत ती विपुल आढळते आणि तेथे ती बहुधा योग्यही आहे. सुरतींच्या बाबतीत तिचा उपयोग कमी. चित्रमालिका करणाऱ्याला रंगाआधी जागेचा हिशेब करावा लागतो : एका पानात किती चौकटी, एका फुग्यात किती शब्द, कोणती हालचाल दाखवावयाची आणि कोणती वगळावयाची. गुजराती नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचा लेखकही हाच हिशेब वेगळ्या मापाने करीत असतो. प्रकरण संपते तेथे कथा संपू द्यायची नाही, हा चित्रमालिकेचा रोजचा नियम आहे. तोच हप्त्याहप्त्याने लिहिलेल्या कादंबरीचा आठवड्याचा नियम होतो. वृत्तपत्रीय चित्रमालिका आणि धारावाहिक कादंबरी ही सख्खी भावंडे आहेत, पण आपण त्यांना कधी एका पंक्तीला बसवले नाही.

मधल्या काळात भारतीय भाषांतील चित्रकथेचे चित्र पालटले होते. 'चांदोबा'ची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली, पण ती सचित्र मासिकाची परंपरा होय. तेथे चित्र गोष्टीला सोबत करते, गोष्ट सांगत नाही. चौकटीची चित्रकथा खऱ्या अर्थाने घराघरांत पोचली ती टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केल्यानंतर. १९९० मध्ये मालिका थांबेपर्यंत तिचे आठशेहून अधिक अंक निघाले. ली फॉक या अमेरिकी लेखकाचे दोन नायक, जादूगार मॅन्ड्रेक (१९३४) आणि फँटम (१९३६), हे तिचे मुख्य भांडवल. मराठीत फँटम 'वेताळ' झाला.

या नामकरणापाशी थोडे थांबण्यासारखे आहे. ते कोणा अनामिक अनुवादकाचे काम आहे आणि त्याने काय साधले याचा विचार झालेला नाही. फँटम हा चालते-बोलते भूत म्हणून ओळखला जाणारा, मुखवटाधारी, जंगलातील कवटीच्या गुहेत राहणारा गोरा माणूस. बापामागून मुलगा तो वेष चढवतो, त्यामुळे आदिवासींना तो अमर वाटतो. वसाहतवादी कल्पनेचा याहून नितळ नमुना मिळणे कठीण. त्याला 'वेताळ' म्हटले की मराठी कानात दोन गोष्टी एकदम जाग्या होतात. एक, विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ. आणि दुसरी अधिक खोलवरची, दक्षिण कोकण व गोव्यातील ग्रामदेवता वेताळ. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. चालणारे भूत, रात्रीची फेरी, गावची राखण : फँटमची सगळी लक्षणे येथे आधीच हजर होती. परका तारणहार देवळातून चालत आल्यासारखा वाटला तो यामुळे. भारतीय आवृत्तीत इतरही फेरफार झाले. फँटमच्या देशाच्या बंगाली वाटणाऱ्या नावाच्या जागी 'डेंकाली' आले, राम या नावाचा खलनायक 'रामलू' झाला. ज्या नावांनी येथील वाचक दुखावला असता ती बदलली. गोऱ्या नायकाचे जंगलावरील राज्य मात्र तसेच राहिले. त्याने कोणी दुखावेल अशी शंका कोणाला आली नसावी.

चित्रे तीच ठेवायची आणि फुग्यांतील भाषा बदलायची, ही या व्यवहाराची यंत्रणा होती. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि पुढे गुजरातीसह अन्य भाषांतही याच रीतीने अंक निघाले. १९६० च्या राज्यविभागणीत जुन्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव गुजरातेत गेले आणि डहाणू महाराष्ट्रात राहिले. पण डहाणू तालुक्यातील चिंचणी-वरोरच्या किनारपट्टीवर, जेथे मराठीच्या जोडीला गुजरातीही नित्याची आहे, तेथे एकच चौकट दोन भाषांत वाचली जाणे ही अगदी स्वाभाविक शक्यता होती. अशा वाचकाला चित्र आधी आणि भाषा मागाहून, हे वेगळे शिकावे लागत नाही. वारली भिंतीवरील लग्नचौक पाहत वाढलेल्या मुलाला तर चित्राने गोष्ट सांगितली जाते यात नवल वाटण्याचे कारणच नाही. सुरती स्वतः गुजराती आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत वावरले, आणि त्यांच्या चित्रमालिका ज्या सहजतेने एका भाषेतून दुसरीत गेल्या ती कादंबऱ्यांना क्वचितच लाभते. भाषा फुग्यात असते आणि फुगा पुसून पुन्हा भरता येतो, ही जाणीव शब्दांवर जगणाऱ्या लेखकाला काहीशी अस्वस्थ करणारी आहे. तिच्यातून विनम्रता येते तशी बेफिकिरीही येऊ शकते. इतक्या विपुल लेखनात दोन्हींना वाव मिळाला असणार.

'इंद्रजाल'ला स्वतःचा भारतीय नायक हवा होता. तो सुरतींनी दिला. 'बहादुर' डिसेंबर १९७६ मध्ये अवतरला; चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती. सैनिकाने फेकलेल्या पानाचे उत्तर द्यावयाचे तर ते येथेच द्यावे लागणार होते : ज्या मालिकेत वेताळ राज्य करीत होता त्याच मालिकेत. बहादुरचे तपशील नीट पाहिले तर ते फँटमला मुद्द्यागणिक दिलेल्या उत्तरासारखे आहेत. फँटम परका, बहादुर चंबळच्या मातीतला. फँटमचा अंगाला चिकटलेला पोशाख आणि मुखवटा. बहादुरच्या अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स, तोंड उघडे. फँटम एकटा, आणि ज्यांचे तो रक्षण करतो ते त्याचे भक्त. बहादुर गावकऱ्यांचे 'नागरिक सुरक्षा दल' उभारतो आणि दरोडेखोरांशी लोकांनीच लढावे असे पाहतो. फँटम मरत नाही असा समज हेच त्याचे बळ. बहादुरजवळ असा कोणताही समज नाही.

पण खरा फरक याहून आतला आहे. पहिल्या फँटमची कथा सूडाच्या शपथेने सुरू होते. समुद्रचाच्यांनी बापाला मारले. मुलाने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. ती शपथ पिढ्यान्पिढ्या एकविसाव्या वंशजापर्यंत चालत आली. नायकत्व म्हणजे येथे वारसा. बहादुरचा बाप भैरवसिंग दरोडेखोर होता आणि तो पोलिसांच्या गोळीने मेला. मुलाच्या मनातही सूडाचीच शपथ आहे. परंतु ज्या विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने बापाला मारले तोच या पोरक्या मुलाला वाढवतो, आणि बहादुर नायक होतो तो ती शपथ सोडून दिल्यावर. वारसा स्वीकारून नायक होणे आणि वारसा मोडून नायक होणे, या दोन रचना एकमेकींच्या आरशातील प्रतिमा आहेत. येथे 'प्रभाव' हा शब्द अपुरा पडतो. साम्ये मोजत बसणाऱ्या प्रभावाभ्यासाला बहादुरमध्ये फँटम सापडणार नाही, कारण तो ज्या जागी असायला हवा तेथून मुद्दाम काढून टाकलेला आहे. उतरवून काढणाऱ्या हाताला मूळ चित्राचा प्रत्येक सांधा ठाऊक असतो, म्हणूनच तो ते उलटे काढू शकतो.

बहादुरच्या या घडणीला तत्कालीन वास्तवाचा आधार होता. त्यासाठी सुरती चंबळ खोऱ्यात जाऊन आले होते. विनोबांच्या पदयात्रेत १९६० साली आणि जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत एप्रिल १९७२ मध्ये तेथील दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली होती. 'शोले' १९७५ च्या ऑगस्टमध्ये झळकला होता. दरोडेखोराचा प्रश्न हृदयपरिवर्तनाचा की बंदुकीचा, ही चर्चा देशभर ऐकू येत होती. त्यात भाडोत्री शूर आणणाऱ्या रामगढपेक्षा स्वतःचे दल उभारणारे जयगढ हे निश्चितच वेगळे उत्तर होते. मात्र तारीखही विसरता येत नाही. डिसेंबर १९७६ म्हणजे आणीबाणीचा काळ. नागरिकांनी संघटित व्हावे, पण पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून. राज्यसंस्था हा पोरक्या मुलाला वाढवणारा, कठोर पण न्यायी पालक. बापाचे बंड हा गुन्हा आणि मुलाचे शहाणपण म्हणजे कायद्याकडे परत येणे. त्या महिन्यात, एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाच्या प्रकाशनात, ही कथा अगदी निरागस राहू शकत नाही. सुरतींचा हेतू राज्यकर्त्यांची तळी उचलण्याचा होता असे सुचविण्याचे कारण नाही. एवढेच की वसाहतवादी तारणहाराला बाहेर काढताना रिकामी झालेली जागा कोणी ना कोणी भरणारच होते, आणि लोकांच्या दलाबरोबर ती खाकी वर्दीनेही भरली. विशालला पित्याची जागा देणे ही कथेची सर्वांत धाडसी खेळी आहे आणि सर्वांत सोयीचीही.

परक्या चौकटींना दिलेले दुसरे उत्तर अधिक प्रसिद्ध आहे. 'इंद्रजाल'च्या आरंभकाळी त्या कामात असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्यावर नंदिनी चंद्र (२००८), कार्लिन मक्लेन (२००९) आदींनी ग्रंथ लिहिले आहेत, म्हणून तिचा येथे विस्तार नको. मराठी अभ्यासकाने लक्षात घ्यावे ते एवढेच की 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांनी या मालिकेसाठी शिवाजीचरित्राची संहिता लिहिली आणि प्रताप मुळीक यांनी ती चितारली. बालसाहित्याच्या आपल्या इतिहासांत भागवतांचे ज्यूल व्हर्न येतात, फेणे येतो. ही संहिता सहसा येत नाही. चित्रकथेसाठी लिहिणे हे लिहिणेच नव्हे, ही आरंभी उल्लेखिलेली समजूत आपल्याच लेखकांची सूची कशी आखूड करते याचे हे सरळ उदाहरण आहे. पै यांचे उत्तर आशयाचे होते : चौकट तीच, नायक आपले. चौकटीलाच प्रश्न विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही, कारण त्यांना मुलाला काही शिकवायचे होते. पूर्ण पुस्तक, आरंभापासून बोधापर्यंत, मुलाच्या हाती सोपवायचे होते.

सुट्या पानावर शिकलेल्या लेखकाची वृत्ती वेगळी. 'धर्मयुग'मध्ये धर्मवीर भारतींच्या संपादनकाळात सुरू झालेल्या आणि दीर्घकाळ चाललेल्या 'कार्टून कोना : ढब्बूजी' या पट्टीत बोध नाही, वाढणारी कथा नाही, वय वाढणारे पात्रही नाही. काळ्या अंगरख्यातला तो बुटका माणूस दर अंकात कोणत्याही पूर्वपीठिकेवाचून हजर होतो आणि तीन-चार चौकटींत निघून जातो. वाचकाला मागचा अंक ठाऊक असण्याची अट नाही. प्रत्येक पट्टी हे सुटे पान आहे. 'काली किताब'मध्ये तर धर्मग्रंथाच्या बाह्य रूपाचीच नक्कल उचललेली आहे, आणि सैतानाच्या बाजूने बोलण्यासाठी पवित्र पुस्तकाचा थाट वापरलेला आहे. येथेही पद्धत तीच : आधी हुबेहूब उतरवायचे, मग एक रेघ फिरवायची. विडंबन आणि बालपणीची नक्कल यांचे नाते मानसशास्त्राने सांगितलेल्या कोणत्याही कारणपरंपरेपेक्षा या हस्तकौशल्यात अधिक स्पष्ट दिसते.

या पद्धतीच्या मर्यादाही याच ठिकाणी आहेत. चौकटीत पात्राला खोली देणे कठीण असते, त्याला खूण द्यावी लागते : टोपी, अंगरखा, एक ठरावीक हावभाव. खुणेने ओळखू येणारी माणसे गद्यात आली की ती झटकन उभी राहतात आणि तेवढ्याच झटकन संपतात. लोकप्रिय लेखनाची ही जुनी तक्रार आहे आणि बाबूराव अर्नाळकरांपासून अनेकांवर ती केली गेली आहे. तिच्यात तथ्य असते. पण व्यक्तिचित्रणाची खोली हाच एकमेव निकष मानला तर तमाशाचा सोंगाड्या, दशावताराचा संकासुर आणि पिंगुळीच्या चित्रकथीच्या पोथीतील रावण हे सगळेच अनुत्तीर्ण ठरतील. तेथे सादरकर्त्याचे कौशल्य खूण किती थोडक्यात आणि किती नेमक्या क्षणी पुढे आणली जाते यावर मोजले जाते. सुरतींचे बरे-वाईट लेखन वेगळे करण्यासाठीही हा मापदंड अधिक उपयोगी पडेल.

डोंगरीवर सुरतींनी स्वतः लिहिले आहे. 'सूफी' या नावाने इंग्रजीत आलेल्या चरित्रात्मक पुस्तकात त्यांनी एकाच वस्तीत, एकाच काळात वाढलेल्या दोन मुलांच्या कथा शेजारी-शेजारी मांडल्या. एक मुलगा म्हणजे स्वतः लेखक. दुसरा इक्बाल रूपाणी, जो पुढे तस्करीच्या जगातील मोठे नाव झाला. दारिद्र्य तेच, गल्ल्या त्याच. एकाची कथा थोडी पुढे सरकते, मग दुसऱ्याची. आणि दोहोंच्या मध्ये, कोठेही न सांगितलेला, पण सतत भेडसावणारा प्रश्न : फाटा नेमका कोठे फुटला? चरित्रलेखनाची रूढ वाट सोडून निवडलेली ही जोडमांडणी चौकटींच्या पट्टीची आठवण करून देते. उत्तर कोणत्याही एका चौकटीत नाही. ते मधल्या कोऱ्या जागेत आहे आणि ते वाचकाने भरायचे आहे. लेखक ते स्वतः भरत नाही. आगगाडीतून आलेल्या पानाने आपल्याला वाचवले असा निष्कर्ष काढण्याचा मोह सहज झाला असता. परंतु त्या दिवशी गाडीमागे धावलेली मुले पुष्कळ होती, पुस्तकाची पानेही पुष्कळ होती, आणि एका पानाचाच वृत्तान्त आपल्यापर्यंत आला आहे. उरलेली पाने ज्या मुठींत गेली त्या मुलांनी त्यांचे काय केले, याची कोठेही नोंद नाही.